घरी थांबणाऱ्याचा डाव

सांडोरच्या कार्मिनने एक खेळ बनवलाय, हे गावात बहुतेकांना ठाऊक होतं. पण तो कसला खेळ, हे सांगायची वेळ आली की जो तो अडखळायचा. पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. कुणी जिंकत नाही. रविवारी जेवणं उरकली की तीनचार बाया तिच्या पडवीत बसतात, बोलतात, मध्येच फासा टाकतात, आणि मग कधी पोट धरून हसतात, तर कधी एकमेकींवर रुसून घरी जातात. यापुढे सांगायचं काय?

कार्मिनचा नवरा निकोलस मालवाहू जहाजावर फिटर होता. वर्षातले बरेचसे महिने समुद्रावर, उरलेले घरी. एक्याऐंशी साली सुट्टीवर आला तेव्हा सामानातून त्याने कापडाची एक लहानशी थैली काढली. आत रंगीत प्लास्टिकचे फासे होते, पण आपल्याकडच्या फाशांसारखा त्यात एकच. बाकीचे तऱ्हेतऱ्हेचे. एक शिंगाड्यासारखा, चार बाजूंचा. एक सीताफळासारखा खवल्याखवल्यांचा, वीस बाजूंचा.

"हे कशाला आणलंत?" कार्मिनने विचारलं.

"आमच्या रेडिओ ऑफिसरने उतरताना दिले. गोरा पोरगा होता. रोज जेवण झालं की दोघाचौघांना घेऊन बसायचा."

"खेळायचं कसं?"

"ते मला कुठे येतंय! मी लांबून बघायचो. एक जण गोष्ट सांगतो. बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. सांगणारा विचारतो, आता तू काय करतोस? कुठे अडलं की फासा टाकायचा."

"आणि पुढे काय होणार ते आधी ठरलेलं नसतं?"

"नसावं. सांगणारासुद्धा मधूनमधून डोक्याला हात लावायचा."

निकोलस तेवढं सांगून विसरला आणि महिन्याभराने बोटीवर गेला. कार्मिन मात्र विसरली नाही. लग्नाआधी गावच्या सणाला नाटक बसायचं, त्यात ती संवाद लिहून द्यायची. तिथे राजाने काय बोलायचं, प्रधानाने कधी आत यायचं, सगळं पक्कं. इथे तर नाटकातल्या माणसालाच विचारायचं, बाबा रे, तू काय करणार? हे तिच्या डोक्यातून जाईना. केळीला पाणी लावताना, भाजीच्या जुड्या बांधताना ती तेच घोळवत राहायची.

पावसाळ्यात वाडीतलं काम जरा हलकं झालं तशी तिने माणसं जमवली. सासू जुलियाना घरातच होती. शेजारची क्लेमेंटीन, कपडे शिवायची, बोलायला फटकळ. आणि कृष्णाबाई, खाडीकाठच्या गावची शेतकरीण. वसईच्या बाजारात तिचे पोहे आणि कार्मिनची भाजी वर्षानुवर्षं शेजारी शेजारी मांडलेली असायची, त्यातून मैत्री झालेली.

पहिल्या दिवशी कार्मिनने राजा, जंगल आणि गुहेतला राक्षस अशी गोष्ट घेतली. पार फजिती झाली. जुलियाना म्हणाली, "त्या गुहेत माझं काय काम? मी म्हातारी बाई." क्लेमेंटीन सगळ्यांना हुकूम सोडायला लागली: तू डावीकडून जा, तू दगड मार. आणि कृष्णाबाईची होडी नदीत बुडाली, कारण फाशावर एक पडला.

कृष्णाबाई चिडली. "मी जल्मभर खाडीत होडी हाकते, आनि तुजा हा प्लास्टिकचा खडा मला बुडवतो? कोन मानील हे?"

कार्मिनला ते लागलं, पण पटलंही. काम येणाऱ्याला आणि न येणाऱ्याला एकच फासा कसा चालेल? आठवडाभर विचार करून तिने ठरवलं, ज्याला जे काम येतं त्याने सीताफळ टाकायचं, म्हणजे मोठा आकडा पडेल; ज्याला येत नाही त्याने शिंगाडा. आणि पाणी संथ असेल तर होडीवाल्याने फासा टाकायचाच नाही. होडी आपली चालते. क्लेमेंटीनसाठी दुसरा नियम केला: आपला माणूस आपला, दुसऱ्याच्या माणसाला हुकूम नाही. क्लेमेंटीनने तो मान्य केला, कारण तिला वाटलं तो इतरांसाठी आहे.

राक्षसही गेला. त्याच्या जागी कार्मिनने खाडीतलं एक बेट घेतलं. नाव ठेवलं मोरबेट. तिथल्या विहिरींचं पाणी एकाएकी खारट होतं, बावखलातले, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यातलेसुद्धा मासे मरून वर येतात, आणि गोड्या पाण्याच्या शोधात बेटावरच्या लोकांना होडीतून निघावं लागतं. आता मात्र सगळ्यांना काम मिळालं. पाणी खारट होणं म्हणजे काय, हे त्यातल्या कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर क्लेमेंटीनने शिवणकामाच्या खडूने खाडी, फाटे, बेटं काढली. रोज संध्याकाळी गुडघे टेकून जपमाळ करणारी जुलियाना खेळात चोरटी झाली आणि पहिल्याच मुक्कामाला तिने कोंबडी पळवली. घरी जाताना बाया हसून बेजार. रात्री जुलियानाने सुनेला हळूच विचारलं, "हे पापकबुलीत सांगायला लागेल का गो?"

असा तो खेळ दोनतीन वर्षं चालला. मधे निकोलस एकदा येऊन गेला, पण तेव्हा घराच्या कौलांचं काम निघालं आणि त्याला पडवीत बसायला सवडच मिळाली नाही. चौऱ्याऐंशीच्या सुरुवातीला आला तेव्हा मात्र मोकळा होता. मुलगी रोझमेरी नर्सिंग शिकायला मुंबईला होस्टेलवर गेलेली, घर रिकामं रिकामं. एका रविवारी तो आपणहून बायकांच्या शेजारी येऊन बसला.

"मला घेता का?"

"ये, पण नियम पाळायला लागतील," जुलियाना म्हणाली.

त्याने पेद्रू नावाचा माणूस घेतला. पेद्रूची केळीची वाडी. येणारं काम, केळी लावणं. खरं तर निकोलसला केळीतलं ओ की ठो कळत नव्हतं; अठराव्या वर्षी घर सोडलं होतं त्याने. पण खेळात चालतं, कार्मिन म्हणाली. होडी धक्क्याला लागली. कृष्णाबाई वल्ह्यावर, जुलियाना पिशवी घेऊन आत, क्लेमेंटीनकडे कोयता.

कार्मिनने विचारलं, "पेद्रू, ओहोटी लागायच्या आत निघायचंय. तू काय करतोस?"

"मी येत नाही," निकोलस म्हणाला.

सगळ्या हसल्या. कार्मिनही हसली. "अहो, विहीर खारट झालीय. इथे राहून काय करणार?"

"ते बघू. मी घरीच थांबतो."

होडी त्याच्याशिवाय गेली. तो दुपारभर मांडी घालून ऐकत बसला आणि त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. कार्मिनने बेटाला आग लावून पाहिली, पेद्रूने ती विझवली. साथीचा आजार आणला, पेद्रू म्हणाला, आजाऱ्यांना कोण बघणार, मी थांबतो.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात कार्मिनचा तोल गेला. "तुम्हाला खेळायचं नसेल तर बसू नका. माझा सगळा डाव होडीत आहे. एक माणूस धक्क्यावर बसून राहिला तर मी करायचं काय?"

"आपला माणूस आपला, दुसऱ्याच्या माणसाला हुकूम नाही," निकोलस म्हणाला. "नियम तूच केलास ना?"

ती भाकरी थापत राहिली. राग होता, पण त्याहून मोठं कोडं होतं. नियम तिचाच होता आणि चांगला होता. मग जो निघत नाही त्याच्यासाठी तिच्या खेळात काहीच का नाही?

उत्तर तिला दुसऱ्या दिवशी केळीच्या घडांना टेकू देताना सापडलं, आणि सापडल्यावर ती बांबू हातात धरून तशीच उभी राहिली. लग्न झाल्यापासून ती स्वतः घरी थांबणारी. माणसं निघून जातात तेव्हा मागे काय काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि खेळ करायला बसली तर तिने सगळं होडीतल्यांनाच दिलं. घराला एक फासासुद्धा दिला नाही. जे रोज करतो, त्याची गोष्ट होत असेल असं तिला वाटलंच नव्हतं.

त्या आठवड्यात तिने खेळाचा दुसरा अर्धा भाग केला. होडीची एक पाळी झाली की घराची एक पाळी. घरी काय काय घडू शकतं ते ती मनात जमवत गेली. ओळखीचा नसलेला पाहुणा. अडलेली गाय. वर चढून फिरवायची कौलं. होडीतल्यांचा निरोप, आणि अर्थ न लागणारा निरोप. तिला आठवायला कष्ट पडले नाहीत, उलट थांबायला पडले.

पुढच्या रविवारी होडी दुसऱ्या फाट्यात शिरली, आणि कार्मिन निकोलसकडे वळली.

"पेद्रू, वारा सुटलाय. दक्षिणेकडून. केळी घडांनी लगडलेली आहेत आणि वाकायला लागलीत. तू काय करतोस?"

निकोलस सावरून बसला. "टेकू देतो. दोरीने बांधतो. गडी बोलावतो."

"गडी आपापल्या वाडीत आहेत. कुणी येत नाही."

"शेजारी?"

"त्यांचीही केळी पडतायत."

"मग आई आहे ना घरात!"

"आई तापाने फणफणलीय. तान्हं मूल झोळीत रडतंय."

त्याने फासा टाकला. सीताफळ होतं, तरी आकडा कमी पडला. कार्मिन म्हणाली, "पहिली ओळ आडवी झाली." त्याने पुन्हा टाकला. दुसरी ओळ वाचली. तिसरी गेली. पडवीत कुणी हसत नव्हतं.

"एकट्यानेच सगळं करायचं?" निकोलसने विचारलं.

"एकट्यानेच."

तो फासा हातात फिरवत राहिला. मग कार्मिनकडे न बघता म्हणाला, "हे तू बनवलेलं नाहीस. हे झालेलं आहे."

"रोझमेरी लहान होती तेव्हा. तुम्ही जपानच्या बाजूला होता."

"मला लिहिलं नाहीस."

"लिहून काय झालं असतं? पत्र पोचेपर्यंत नवीन लागवड झाली होती."

जुलियाना तेवढ्यात म्हणाली, "मला तर आठवतच नाही. मी तापात होते." आणि मग, "हिने मला तेव्हा सांगितलंसुद्धा नाही. पेज करून दिली आणि म्हणाली, वारा थांबलाय."

कृष्णाबाईने चहाचे रिकामे कप गोळा केले आणि आत नेले. त्या दिवशी होडी जिथे होती तिथेच राहिली.

बाया गेल्यावर निकोलस पडवीच्या पायरीवर बसला होता. कार्मिन शेजारी येऊन बसली. त्याने सांगितलं की एजंटाकडे पुढच्या बोटीचे कागद तयार आहेत, सही झालेली आहे. मग म्हणाला, "मला जायचं नाही. गेल्या खेपेलाही नव्हतं जायचं. धक्क्यावर पाय निघत नाही आता."

"मला बोलला का नाहीत?"

"घर चाललंय त्याच्यावर. आणि तू इथे मजेत दिसायचीस. मला वाटायचं, मी मध्येच येऊन बसलो तर तुला अडचण."

"अडचण तर होईलच," कार्मिन म्हणाली. दोघंही हसले. मग ती म्हणाली, "सही झालीय तर एवढी खेप करून या. नंतर थांबा. वाडी आहे, काहीतरी होईल."

तो गेला, आणि पंच्याऐंशी साली परत आला तो कायमचा. वसई रोडजवळ एका कारखान्यात त्याला पंप दुरुस्तीचं काम मिळालं. आता हे सगळं गोड गोड झालं असं मात्र नाही. निकोलसला केळीतलं अजूनही कळत नव्हतं, पण मत होतं. बाजाराला निघायच्या वेळी तो तिच्या टोपल्या पुन्हा रचायचा. कार्मिनला घरात दुसऱ्याचा आवाज सकाळी सकाळी नकोसा व्हायचा. पहिल्या वर्षात त्यांची जेवढी भांडणं झाली तेवढी आधीच्या सगळ्या सुट्ट्या मिळून झाली नव्हती. रविवारी मात्र पेद्रू आपल्या वाडीत असायचा. कधी केळी वाचायची, कधी नाही. खेळायला येणाऱ्या बायकांना घराची पाळी होडीपेक्षा जास्त आवडायला लागली. प्रत्येकीकडे त्यात घालायला काहीतरी होतंच. कृष्णाबाईने तो खेळ आपल्या गावी नेला. तिथे फासे नव्हते, म्हणून त्यांनी कवड्या घेतल्या, आणि डावात गोडं पाणी शोधायचं सोडून त्याच खाऱ्या पाण्यात मीठ पिकवायला घेतलं. कार्मिन एकदा तिकडे जाऊन बसली, तर तिला आपलाच खेळ ओळखू येईना. ती खूश होऊन घरी आली.

निकोलसच्या मनात होतं, नियम लिहून काढावेत, छापावेत. तो मुंबईला एका खेळण्यांच्या व्यापाऱ्याला भेटूनही आला. व्यापाऱ्याने विचारलं, "पट कुठे आहे? डब्यात घालायचं काय?" निकोलस हिरमुसून परतला.

"निदान वहीत तरी लिही," तो कार्मिनला म्हणाला.

"लिहिलं की भांडायला कागद मिळेल," ती म्हणाली. "आता निदान एकमेकींकडे बघून भांडतात."

जुलियाना सत्त्याऐंशीत गेली. शेवटच्या आजारपणात तिला पडवीत आणून बसवावं लागे, पण तिने चोरटी सोडली नाही. क्लेमेंटीन नालासोपाऱ्याला, आचोळ्याच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायला गेली. तिथे जिन्यात बसणाऱ्या बायांना तिने खेळाबद्दल इतकं सांगितलं की शेवटी कार्मिनला बोलावणं आलं.

कार्मिन गेली. समोर कोकणातल्या, घाटावरच्या, कुठकुठल्या बाया. बेट, होडी, वाडी यातलं काहीच त्यांच्या ओळखीचं नव्हतं. बिल्डिंगला नळ होता, पाणी नव्हतं. टँकर कधी यायचा, कधी नाही. कार्मिन थोडा वेळ जिन्याच्या पायरीवर बसून त्यांचं बोलणं ऐकत राहिली. मग बेट वगैरे सगळं बाजूला ठेवून कोपऱ्यात अंग चोरून बसलेल्या एका तरुण बाईला तिने विचारलं,

"तुला कुठलं काम चांगलं येतं?"

"मला कसलं येतंय, मावशी?" ती बाई लाजली. "टँकर आला की खाली पळते. भांडण न करता सगळ्या मजल्याच्या बादल्या रांगेत लावते, तेवढंच."

"तेवढंच?" कार्मिन म्हणाली. "बरं, पुढे सरक. तुझ्यापासूनच सुरू करू."