फोटोत दोन भैय्याजी

आमचे हे, म्हणजे पवनीचे धनीराम फोटोवाले, सरळ डोक्याचे नाहीत हे मी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ओळखलं. लग्नाच्या फोटोंवर घर चाले, पण ह्यायचा जीव सारा जुन्या इमारतींत. पडकी भिंत दिसली का सायकल थांबलीच! अन् मी मागं कॅरिअरवर, मांडीवर स्टँड घेऊन.

एकोणऐंशी सालची गोष्ट. आसगावच्या महादेवाच्या जुन्या देवळाले शिवरात्रीआधी आतून-बाहेरून ऑइलपेंट मारायचं ठरलं. गुलाबी! किराणावाले भैय्याजी गावाचे पुढारी, त्यायनं डबेही आणून ठेवले. हे ऐकलं अन् आमच्या ह्यायनं हातातला घास ताटात टाकला. "अवं चंद्रकला, खांबाखांबावर कोरीव काम आहे. रंगाखाली सारं गडप होईन!"

तसेच उठून भैय्याजीकडं गेले. भैय्याजी म्हणाले, "कायचं कोरीव काम? मी जन्मापासून जाऊन राहिलो, मले तर नुसता अंधार दिसते."

झालं, ह्यायच्या अंगात आलं. आठ दिवसांत फोटोच दाखवतो म्हणाले.

आता पंचाईत अशी, देवळाच्या मंडपात काळोख, अन् समोरच्या दारातून बोडीचं, म्हणजे लहान तळ्याचं, पाणी उन्हात चमचम करते. खांब दिसतील असा फोटो काढला तर बाहेरचं पांढरंफक. बाहेरचं बरोबर आलं तर आत कोळसा. "डोळ्याले दोन्ही दिसते, मग कॅमेऱ्याले काहून नाही?" असं म्हणत हे घरात येरझारा घालून राहिले. भात गार झाला तरी पत्ता नाही. मग सुचलं. कॅमेरा जागचा न हलवता दोन फोटो घ्यायचे, एक आतल्यासाठी, एक बाहेरच्यासाठी, अन् दोन्ही एकाच कागदावर छापायचे.

फोटोच्या दिवशी देवळात भैय्याजी स्वतः हजर, धुतलेली टोपी घालून. खांबावर कोपर टेकवून उभे राहिले. हे ओरडले, "हलू नका, आतला काढतो!" अर्धा मिनिट भैय्याजीनं श्वास धरला. मी डुगडुगत्या स्टँडचा पाय धरून खाली बसली होती, मले हसू आवरेना. मग हे कॅमेऱ्याच्या आकड्यांत मान घालून, वर न पाहता म्हणाले, "आता बाहेरचा!"

घरी स्वयंपाकखोलीले गोधड्या टांगल्या, लाल दिवा लावला. एका निगेटिव्हच्या वेळी पुठ्ठ्यानं दाराची जागा झाकली, दुसऱ्याच्या वेळी खांब झाकले. कागद औषधात हलवता हलवता खांब उगवले, बोडी उगवली, पल्याडचं गाव उगवलं! हे तिथंच नाचले. मीही नाचली. अन् मग माझं लक्ष गेलं.

"अजी, भैय्याजी आत उभे, तर हा बाहेर कोण?"

बाहेरही भैय्याजीच, छाती काढून! 'आता बाहेरचा' ऐकलं अन् ते लगबगीनं बाहेर जाऊन उभे राहिले होते.

मी पोट धरून लोळली. हे मात्र रडकुंडीले आले. रंगारी दुसऱ्या दिवशी यायचे होते, अन् रोल संपला होता. कागद फाडाले निघाले तसा मी तो हिसकावला. "फाडून तर पाहा!" म्हटलं. सकाळी तडक आसगावले गेली अन् तो फोटो भैय्याजीच्याच दुकानाच्या दारावर ठोकला.

सारं गाव लोटलं. हसून हसून लोकांची मुरकुंडी! "यातला खरा कोणता गा?" भैय्याजी लालबुंद. तेवढ्यात धान रोवणारी धुरपताबाई फोटोले नाक लावून म्हणाली, "भैय्याजीच्या कोपराखाली खांबावर ही बाई कोण हाय? अवं, पायातला काटा काढून राहिली! रोवण्याले जाताना काटा भरला का मीही अश्शीच उभी राहाते." बायका पुढं घुसल्या. कुणाले ढोलवाला सापडला, कुणाले वासरू.

भैय्याजीनं चष्मा पुसला अन् लय वेळ पाहिलं. मग रंगाऱ्यायले म्हणाले, "डबे इकडं आणा. दुकान रंगवा."

गुलाबी दुकान! ह्यायले इतका आनंद झाला का म्हणाले, "भैय्याजी, नवीन फोटो देतो, एकाच भैय्याजीचा."

"राहू दे बावा दोघेही," भैय्याजी म्हणाले. "एकट्याले कुठं काही दिसलं होतं!"