आईने सिग्नल तोडला नाही

आमच्या दिघीच्या दोन खोल्यांत व्हिडिओ गेम आला तेव्हा मी पाचवीत होते आणि धाकटा भाऊ तिसरीत. बाबांनी तो भोसरीतून आणला होता. कॅसेटवर हजारो गेम असल्याचं लिहिलं होतं. प्रत्यक्षात निघाले सात-आठच, तेच पुन्हा पुन्हा वेगळ्या नावांनी. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आईला मात्र तो डबाच डोळ्यांसमोर नको होता. ती लातूरकडची. "टीव्हीत डोळे घालून बसायलेत नुसते," म्हणत ती वायर काढून कपाटात ठेवायची.

एकदा शाळा लवकर सुटली. दारातच टँकच्या गेमचं संगीत ऐकू आलं. आत आई जमिनीवर मांडी घालून, टीव्हीला अगदी खेटून बसली होती. टँक डावीकडे वळला की आईही अख्खी डावीकडे कलायची.

"आई!" भाऊ ओरडला.

"थांब रे, एकच राहिलाय," ती मान न वळवता म्हणाली. तो टँक उडवल्यावर मग तिला आपण आई असल्याचं आठवलं. "बाबांना सांगू नका."

बाबा फर्स्ट शिफ्ट करून आले. सवयीने त्यांनी गेमच्या अडॅप्टरला हात लावला. तो चांगलाच तापला होता. "पोरं तर शाळेत होती ना?"

"ऊन किती पडायलंय बघा ना," आई म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी आई-बाबा जोडीने खेळायला लागले. कंपनीत मशीनवरचा एकही जॉब रिजेक्ट होऊ न देणारे बाबा घरी मात्र टँकने स्वतःचाच किल्ला उडवायचे. आई त्यांना जे बोलायची, ते त्यांच्या सुपरवायझरनेही कधी ऐकवलं नसेल. आमचा नंबर संध्याकाळी लागायचा, तोही अभ्यास झाला असेल तर.

आता आम्ही सगळे रावेतला राहतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या मुलीसाठी नवा गेम घेतला. आई हौसेने रिमोट धरून बसली. आधी अकाउंट, मग पासवर्ड, मग अपडेट. तिची मेथीची जुडी निवडून झाली तरी डाउनलोड चालूच.

"आमचा तर कॅसेटला फुंकर मारली की चालू व्हायचा," ती म्हणाली.

शेवटी एकदाचा सुरू झाला. मोटारीतून कुणाचा तरी पाठलाग करायचा होता. आई सिग्नलला थांबली.

"आजी, तोड सिग्नल! तो पळाला!"

"पळू दे. लाल आहे ना?"

"इंडिकेटर दे," बाबा शेजारून म्हणाले.

मुलीने कपाळावर हात मारला. आईने पाठलाग सोडून गाडी समुद्राकडे घेतली, वाटेत एक देऊळ दिसतंय का बघितलं आणि मग विचारलं, "हा संपतो कुठं?"

"संपत नाही, आजी. नवीन सीझन येत राहतात."

"मग जिंकायचं कधी?"

  आईने तो प्रश्न कधीच सोडून दिलाय. दुपारी मुलगी क्लासला गेली की ती आणि बाबा गाडी काढतात. एकही मिशन अजून पूर्ण झालेलं नाही.

परवा चाकणच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवून मी घरी आले. पर्स फेकून सोफ्यावर कोसळले. पडद्यावर मोकळा रस्ता होता, एकही कंटेनर नाही.

आई म्हणाली, "दमलीस? बस मागं. एक चक्कर मारून आणते."