होडीत बूट चालत नाहीत

बाईने बुटासकट पाय होडीच्या काठावर ठेवला आणि मी हात आडवा घातला. जेटीवरून प्रमोद ओरडला, "आबानू, परत तांच? सोडा त्येंका!"

प्रमोद होडीचा मालक. मी तांडेल, म्हणजे होडी चालवणारा. तारकर्लीच्या खाडीत पाहुण्यांना फिरवतो. आम्ही दर्यावरची माणसं होडीत चप्पल घालून चढत नाही. जी पोट भरते तिच्या अंगावर पायताण ठेवायचं नाही. हे पाहुण्यांना माझी बायको शेवंती सांगायची. लग्नाआधी ती गोव्यात हॉटेलात कामाला होती, तिची इंग्रजी तिथली. मी चौथी नापास. पावसाळ्यात शेवंती गेली आणि जेटीवर बोलणारं कोणी उरलं नाही.

आदल्या आठवड्यात एका पाहुण्यावर मी "शूज नो!" म्हणून खेकसलो होतो. त्याला वाटलं, होडीतूनच हाकलतोय. त्याने मोबाईलवर वाईट लिहिलं. त्याला रिव्ह्यू म्हणतात. तो वाचून लोक यायचं की नाही ते ठरवतात. प्रमोद म्हणाला होता, "आणि एक असो रिव्ह्यू इलो तर मी इंग्लिश येणारो तांडेल बघतलंय. माझोय नाइलाज आसा."

म्हणजे माझं काम जाणार होतं. घरी बसून भिंतींशी बोलण्यापेक्षा खाडी बरी.

प्रमोद धावत आला आणि भराभर इंग्रजीत समजावू लागला. बाई नवऱ्याकडे बघे, नवरा बाईकडे. शेवटी नवरा म्हणाला, "स्लो, प्लीज. वी पोलंड. इंग्लिश स्मॉल."

मी प्रमोदला म्हटलं, "ह्येंकाय येणा नाय रे! तू गप रव."

मग शेवंती करायची तसं केलं. माझे अनवाणी पाय दाखवले. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हात लावून कपाळाला लावला. म्हटलं, "बोट, मदर."

"आ, मदर!" बाई जेटीवरच बसली आणि बुटाच्या नाड्या सोडू लागली.

खाडीत मध्यावर तिने मोबाईलवर एक फोटो दाखवला. कुणा जुन्या पाहुण्याने रिव्ह्यूसोबत टाकलेला. होडीला टेकून शेवंती हसतेय.

"धिस लेडी? टुडे?"

यासाठीचा शब्द शेवंतीने मला शिकवला नव्हता. डिझेल संपलं की म्हणतो तेवढाच जवळ होता.

"फिनिश," म्हटलं.

बाईने कपाळ, छाती, खांदे अशी क्रुसाची खूण केली. त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. नवऱ्याने टोपी काढून मांडीवर ठेवली. मी इंजिन बंद केलं. होडी जरा वेळ तशीच वाहू दिली.

परत आल्यावर प्रमोदने घाईघाईने विचारलं, "एव्हरीथिंग ओके?"

"व्हेरी गुड," नवरा म्हणाला. माझ्याकडे बोट केलं. "हिज इंग्लिश, गुड. युवर इंग्लिश, फास्ट."

प्रमोद डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "आबानू, उद्या सकाळी येवा. कोरियाची माणसा आसत."

"त्येंका इंग्लिश येता?"

"माका काय म्हायती!"

येत नसेल तर बरंच. ही भाषा साहेबाची, असं सांगून आम्हाला शाळेत घाबरवलं. आता ती जगभर थोडी थोडी सगळ्यांकडे आहे, पुरती कोणाकडेच नाही. माझ्या वाटणीचे आठ-दहा शब्द, तेही शेवंतीचे. बाकीचं हातांनी भागवायचं. बूट मात्र बाहेर.