बकरीदच्या सुटीची बरोबर ठरलेली टीप

अण्णा गेल्याचं मला राजाजीनगरच्या पिठाच्या गिरणीत कळलं. शेजारचे गृहस्थ धावत आले आणि म्हणाले, "मल्लेश्वरमहून, भावाच्या घरून निरोप आलाय... दळण राहू द्या, निघा." बसमध्ये डोळ्यांत पाणी आलं नाही. आता त्याला पुन्हा बकरीदची सुटी सोसावी लागणार नाही, एवढंच मनात येत राहिलं.

अण्णा माझा थोरला भाऊ. हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. घोड्याचे पळतानाचे पाय कागदावर नीट उतरत नाहीत म्हणून पहाटे रेसकोर्सच्या कठड्याशी जाऊन उभा राहू लागला, आणि पाहता पाहता त्याला घोडेच कळू लागले. मग एका सायंदैनिकानं शर्यतींच्या आदल्या दिवशी टिपा लिहायला सांगितलं. स्वतः क्वचितच पैसे लावायचा, तेही वहिनीच्या परवानगीनं. "सरी, पण स्वल्पच हं," ती कानडी मिसळून म्हणायची, म्हणजे 'बरं, पण थोडेच'. पन्नासच्या दशकातली ती वर्षं आमच्या घरात फार हसरी होती.

साठ सालानंतरच्या एका उन्हाळ्यात बकरीदच्या सुटीला मोठ्या शर्यती होत्या. सगळ्या गावाच्या तोंडी एकाच तांबड्या घोडीचं नाव. अण्णा आदल्या पहाटे सराव पाहून आला तो थेट लिहायलाच बसला. घोडी पुढचा उजवा पाय चोरत होती. त्यानं लिहिलं : लोक काहीही म्हणोत, हिच्यावर पैसे लावू नका. आणि दुसऱ्याच एका घोड्याचं नाव दिलं.

तो घोडा जिंकला. तांबडी घोडी शेवटच्या वळणावर कोसळली आणि तिच्यावरचा जॉकी मरियप्पा तिच्याखाली सापडला.

त्या संध्याकाळी घरी माणसांची रीघ लागली. ओळखीचे, अनोळखी. कुणी म्हैसूरपाक आणला, कुणी हार. "मेष्ट्रे, तुमच्यामुळे वाचलो!" मास्तरांना कन्नडात म्हणतात तसं सगळे त्याला मेष्ट्रु म्हणत. अण्णा गळ्यातला हार काढायचंही विसरून खुर्चीत बसून राहिला होता.

पुढच्या आठवड्यात तो इस्पितळात निघाला. वहिनीनं मऊ भाताचा डबा भरला आणि मला सोबत पाठवलं. मरियप्पाचं कमरेखालचं अंग गेलं होतं. पेपरातला मजकूर त्याला कुणीतरी वाचून दाखवला होता. आवाज न चढवता त्यानं विचारलं, "पाय दुखतोय हे दिसलं होतं तुम्हाला?"

"दिसलं होतं."

"सगळ्या गावाला सांगितलंत. त्या पहाटे मी तिथंच कठड्याशी उभा होतो, मेष्ट्रे... मला का नाही सांगितलंत?"

"ट्रेनरला ठाऊक असेल असं वाटलं," अण्णा म्हणाला. मरियप्पानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

अण्णानं पुन्हा टिपा लिहिल्या नाहीत. मरियप्पाकडे मात्र तो जात राहिला. कधी त्याची बायको दार उघडायची, कधी नाही. सांगितलं असतं तरी पोटासाठी तो घोडीवर बसलाच असता, असं मी एकदा म्हणाले. "बसला असता," अण्णा म्हणाला, "पण जाणून बसला असता." दर बकरीदला तो अंथरुणातून उठायचा नाही. वहिनी ताट आत नेऊन ठेवायची आणि तसंच परत आणायची.

तेराव्यानंतर मी काही दिवस वहिनीपाशी राहिले. एका सकाळी फाटकाशी एक टांगेवाला जटक्याचा घोडा हाताशी धरून येऊन उभा राहिला. टांगेवाल्याला अण्णाची बातमी नव्हती. "मेष्ट्रु आहेत का? घोडा लंगडतोय. जुंपण्याआधी दाखवून जा, असं त्यांनीच सांगितलंय." अण्णा गावभरच्या जटक्यांचे घोडे असे तपासत होता, हे मला तेव्हा कळलं.

वहिनीला घोड्याची भारी भीती. तरी ती आत गेली, अण्णाचा चष्मा घालून आली, पदर खोचून घोड्याच्या पायाशी वाकली आणि घाबरत घाबरत त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"गरम लागतंय," ती टांगेवाल्याला म्हणाली. "आज नको जुंपूस, अप्पा."