मूळ शेवट

बालाजी घाटाजवळच्या मराठी वाचनालयातले ग्रंथपाल चष्मा कपाळावर चढवूनच बोलायचे. एका जुन्या कादंबरीवर पिक्चर आला, तेव्हा येईल त्याला ऐकवत, "अहो, शेवटाचा पार सत्यानाश केला! मूळ शेवट वाचा, फिर समझोगे."

मी वाचनालयातली ती एकुलती एक प्रत घरी नेली. शेवटची सोळा पानं छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली होती; कापल्याशिवाय ती वाचता येणं शक्य नव्हतं, आणि आजवर कुणी कापलीच नव्हती. मीही मुद्दाम तशीच ठेवली.

परत करताना त्यांनी विचारलं, "शेवट वाचलात?"

"वाचला. पिक्चरपेक्षा कितीतरी चांगला."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, जोडलेल्या कडांवरून अंगठा फिरवला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुस्तक स्वतःच्या खणात ठेवून कुलूप लावलं.