नंदिनीचे खांदे

लातूरहून फोन आला तेव्हा मी आईचे केस विंचरत होते. पलीकडून बोलणारी बाई तिथल्या दवाखान्यातली नर्स होती. "नंदिनी तुमच्या कोण?" तिनं विचारलं. मी गडबडले. आमचं नातं एका शब्दात सांगता येण्यासारखं नव्हतं. "घरचीच," मी म्हणाले. मग तिनं सांगितलं की तापानं फणफणून दाखल झालेली नंदिनी सकाळी गेली, आणि तिच्या फोनमध्ये 'ताई' म्हणून माझा नंबर होता... आईनं मान वळवून विचारलं, "काय झालं गं?" मी कंगवा खाली ठेवला. त्याला आता दोन महिने होत आले.

नंदिनी आमच्याकडे आली ती आईला अर्धांगवायू झाला तेव्हा. मी नांदेडला शाळेत शिकवते, लग्न केलं नाही, घरात आम्ही दोघीच. मी शाळेत गेल्यावर आईजवळ कोण, हा प्रश्न होता. ओळखीच्या डॉक्टरांनी हिला पाठवलं. उंच, रुंद खांद्यांची, भर मे महिन्यात पूर्ण बाह्यांचा कुडता आणि वरून ओढणी घट्ट गुंडाळलेली. उंबऱ्याबाहेरूनच ती म्हणाली, "ताई, आदीच सांगते. मी पोरगा म्हनून जन्मले, पन बाई हाय. चालत नसंल तर आत्ताच सांगा, म्या जाते." मी काही बोलायच्या आत आईनं पलंगावरून अडखळत सांगितलं, "उन्हातनं आलीय... पाणी दे तिला." आमच्या घरी तिचं येणं असं ठरलं.

ती हदगावकडची. वडील त्या भागातले नावाजलेले पैलवान. एकुलत्या एका पोराला त्यांनी पार लहानपणीच लाल मातीत उतरवलं. पहाटे जोर-बैठका, मग दूध, तूप, बदाम. आसपासच्या जत्रांमध्ये ती कुस्त्या मारायची आणि वडील तिला डोक्यावर घेऊन नाचायचे. "कुस्ती मला वाईट येत नव्हती, ताई," एकदा आईचे पाय चोळता चोळता ती म्हणाली. "बापाला लई आनंद व्हायचा. पन दर सालाला अंगावर नवीन मांस चढायचं, आन् मी आतल्या आत मागं मागं सरकायची." विशीत तिनं घर सोडलं. हैदराबादच्या डॉक्टरांकडून हार्मोनची औषधं सुरू केली. चेहरा निवळला, कातडी मऊ झाली. खांदे मात्र हाडाचेच रुंद होते, आणि दंड, मान, मनगटं वडिलांनी घडवली होती तशीच उरली.

आईला ती एक हात पाठीखाली, एक गुडघ्यांखाली घालून उचलायची. आईला कळायच्या आत आई खुर्चीत बसलेली असायची. शेजारच्या बायका कौतुकानं म्हणायच्या, "काय ताकद आहे गं तुझ्यात!" ती हसायची. त्या गेल्या की ओढणी पुन्हा खांद्यांवरून ओढून घ्यायची. मीही एकदा म्हणाले, "हे हात नसते तर आईचं काय झालं असतं?" ती शांतपणे म्हणाली, "सगळ्यांच्या कामाला येतेत हे हात. माझ्याच कामाचे न्हाईत."



संक्रांतीच्या आधी मी तिला बांगड्या भरायला घेऊन गेले. दुकानातलं सगळ्यांत मोठं माप अंगठ्याच्या मुळाशी येऊन अडलं. बांगडीवाली हात दाबत राहिली आणि वैतागून म्हणाली, "सैल सोड की! मर्दावानी काय ताठवून राहिलीस?" तिला बिचारीला काय माहीत, ते तिचं रोजचं बोलणं होतं. नंदिनीनं हात काढून घेतला. रिक्षात तिनं दोन्ही हात ओढणीखाली घेतले. शहरात तृतीयपंथीयांच्या एका घरी तिचं जाणं-येणं होतं, तिच्यासारख्याच बाया. त्यांनी लाडानं तिचं नाव 'पैलवान' ठेवलं. तिनं तिकडे जाणं बंद केलं. "तिथं तरी..." एवढंच म्हणाली आणि तांदूळ निवडत बसली.

मग तिनं जेवण कमी केलं. दूध बंद, डाळ बंद, शेंगदाण्याची चटणी बंद. आईला आग्रह करकरून वरणभात खाऊ घालणारी ही स्वतः अर्ध्या भाकरीवर उठायची. एक दिवस चक्कर येऊन स्वयंपाकघरात पडली. डॉक्टर रागावले. "अंग वाळवून हाडं बारीक होत नाहीत, बाई," म्हणाले. चार दिवस ती नीट जेवली, पाचव्या दिवशी पुन्हा ताट सरकवलं. मी रागावून पाहिलं, समजावून पाहिलं. ती ऐकून घ्यायची, वाद कधी घालायची नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

आई काठीनं चालायला लागल्यावर नंदिनी लातूरला एका वृद्धाश्रमात कामाला गेली. तिथं खोली घेऊन एकटीच राहायची. दर रविवारी फोन करायची. "ताई, दंड उतरला बघा!" आवाजात इतका आनंद असायचा... मी विचारायची, "जेवतेस ना?" ती म्हणायची, "हाव." त्या 'हाव'वर किती विश्वास ठेवावा, ते कळायचं नाही. मग साधा ताप आला आणि तो तिला झेपला नाही. झुंजायला अंगात काही उरलंच नव्हतं, असं नर्स म्हणाली.

आमच्याकडे तिची एक मोरपंखी साडी राहिली होती, आणि तिच्यावरचा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज. ती पिशवी घेऊन मी लातूरची एसटी धरली. आधार कार्डावरच्या पत्त्यावर निरोप गेल्यामुळे वडील माझ्याआधी पोचले होते. म्हातारा, पण अजून ताठ माणूस. त्यांच्या हातात घडी केलेला पांढरा सदरा होता. "ह्यो घालू पोराला," ते म्हणाले. मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. चादरीबाहेर तिचा हात आला होता. त्यांनी तो आत सारायला धरला आणि तसेच थांबले. त्यांच्या अंगठ्यात आणि बोटात तिचा दंड मावला होता.

"ह्यो हात न्हाई त्याचा," ते म्हणाले. "म्या केलता तो हात... लई वाळवलं. काहून?"

"तिला बाईचे हात हवे होते, काका."

ते बाकावर बसले. कितीतरी वेळ सदरा मांडीवर ठेवून, त्याच्या घड्यांवरून हात फिरवत राहिले. मग माझ्या पिशवीकडे बोट केलं. "नेसवा."

नर्सनं आणि मी मिळून नेसवली. जिवंतपणी जो ब्लाउज दंडांत काचायचा, तो आता सहज अंगात गेला. बाह्या इतक्या सैल झाल्या की टाचण्या लावाव्या लागल्या. गाडीत ठेवताना त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, एकट्यानं उचललं. मी सोबत यायला निघाले तर म्हणाले, "तुमी येऊ नका, बाई. लोकं इचारतील, मला सांगता यायचं न्हाई." गाडी हदगावला गेली. रिकामी पिशवी घेऊन मी नांदेडला परतले. गावात तिला कुठल्या कपड्यांत आणि कुठल्या नावानं निरोप दिला, मला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. घरात लावायला फोटो हवा होता. त्यांच्याकडे होते ते सगळे कुस्तीतले. माझ्या फोनमध्ये दोन सापडले. एक मी टिपलेला. दिवाळीची साफसफाई चाललेली, बाह्या वर सारलेल्या, आईला उचलून धरलंय, आई तिच्या गळ्यात हात टाकून हसतेय आणि तीही हसतेय. भरलेले दंड, रुंद खांदे... मला जगात सगळ्यांत आवडणारा तिचा फोटो. दुसरा तिनं स्वतः काढून मला पाठवलेला, नुसता चेहरा, टिकली, कानाशी मोगरा, गळ्याखालचं काही दिसत नाही. मी बराच वेळ दोन्ही पाहत बसले. मग दुसरा पाठवला.

लगेच फोन वाजला. "बाई, ह्याच्यात खांदे दिसून न्हाई राहिले."

"हो काका. तिनंच तसा काढलाय."



"बरं," ते म्हणाले. "...चेहरा आईवर गेलाय की तिचा."