त्याच्या कागदावर माझी सिगारेट

पंचवीस वर्षं मी सिगारेट ओढली आणि बायकोला कळू दिलं नाही. कसं जमलं म्हणाल, तर मित्राच्या जिवावर. आम्ही दोघं अकोल्याला एकाच कचेरीत; तो अमरावतीचा, मी बडनेऱ्याचा, रोज बडनेऱ्याहून गाडीनं सोबत जायचो-यायचो. शर्टाला वास आला की घरी सांगायचो, "तो ओढते ना, त्याच्या बाजूले बसतो मी." तो बिचारा सुपारीचं खांडही तोंडात टाकत नव्हता. मी त्याचं नाव सांगतो हे त्याला ठाऊक होतं. "कर लेका बदनाम मले," म्हणायचा आणि सोडून द्यायचा.

निवृत्तीनंतर आमच्या पेन्शनर मंडळानं अकोल्यात छातीच्या स्कॅनची सोय केली. अट एकच, ज्यांनी वर्षानुवर्षं ओढली त्यांनीच नाव द्यायचं. मला सकाळी खोकला यायचा आणि आतून भेव वाटायचं. पण यादी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर पडणार, आणि आमच्या घरी तो ग्रुप माझ्याआधी बायको वाचते! मग मी अक्कल पाजळली. मित्राला म्हटलं, "तू बी नाव दे. घरी सांगतो, तुले एकट्याले भेव वाटते म्हणून सोबतीले मीही नाव टाकलं."

"अबे, पण मी ओढतच नाही ना."

"लिही ना बे. एका कागदानं काय होते?"

त्यानं लिहिलं. स्वतःच्या अक्षरात, पंचवीस वर्षं, रोज पाच. आकडे मीच सांगितले, माझेच होते ते.

आठ दिवसांनी फोन आला. माझा रिपोर्ट साफ. जीव असा भांड्यात पडला की गच्चीवर जाऊन मी एक पेटवली. हो, पेटवली, सांगायलाही लाज वाटते. संध्याकाळी मित्राचा फोन, "मले घरच्यांले घेऊन बोलावलं. तू बी चाल."

डॉक्टर तरुण होता, बोलायला नीट होता. उजव्या फुप्फुसात एक डाग आहे म्हणाला. कॅन्सरच आहे असं नाही, नसूही शकतो, तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन केल्यावर कळेल. मग समोरचा कागद पाहून म्हणाला, "पण काका, पंचवीस वर्षं सिगारेट ओढल्यावर छातीनं तरी किती सोसायचं?"

"कोण? हे?" त्याच्या शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरनं कागद त्यांच्यापुढे सरकवला. नवऱ्याचं अक्षर त्यांनी लगेच ओळखलं. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं हो, फक्त एक! मी कॅलेंडरवरच्या तारखा मोजत राहिलो.

परतीच्या गाडीत वहिनी खिडकीशी बसल्या, डोळ्यांना पदर लावून. मित्र मला दारापाशी घेऊन गेला. "मी ओढत नाही एवढंच सांगतलं तिले. तुह्यं नाव नाही घेतलं, ते तूच सांग. पण लवकर सांग गड्या, मी चोर ठरलो तिच्यापुढं."

"उद्याच येतो," मी म्हटलं.

तो उद्या काही उजाडला नाही. आधी घरी पाहुणे होते. मग वाटलं, वहिनी आत्ताच एवढ्या धक्क्यात, कशाला भर घालायची? मग गुडघा दुखला. बहाण्यांना काय तोटा! तिकडे माझा मित्र वाळत चालला होता. चार पायऱ्या चढला तरी मध्येच थांबायचा आणि स्वतःचा दम ऐकत राहायचा. एकदा म्हणाला, "डागाचं पाहून घेईन मी. पण ती ताट वाढते अन् उठून जाते रे. एक शब्द बोलत नाही." यावर मी काय करावं? मीच त्याच्यावर डाफरलो. "सांगतो म्हटलं ना! पळून चाललो काय मी?"

घरी माझी बायको म्हणे, "मी म्हणत नव्हती? करणी तशी भरणी. त्याचा धूर तुमीही गिळला इतके वर्षं, देवानं वाचवलं तुमाले." हे तिनं गल्लीत चार घरी सांगितलं. मी भाकर मोडत मान हलवली. मान हलवली मी!

तीन महिन्यांनी दुसरा स्कॅन झाला. डाग जवळजवळ विरला होता. जुना संसर्ग असेल, आता घोर नाही, डॉक्टर म्हणाला. मित्र रडला, वहिनी रडल्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी रडलो. त्याच संध्याकाळी अमरावतीला त्यांच्या घरी गेलो आणि उभ्या उभ्या सगळं ओकलो. शर्टाचा वास, यादी, कागद, सगळं. खरं सांगतो, बोलताना मला स्वतःचं थोडं कौतुकही वाटत होतं.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मित्र खाली मान घालून बसला होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तीन महिने मी ह्या माणसापुढं ताट ठेवून उठून गेली. हे तोंड दाबून रडत, ते ऐकू येई मले, तरी मी मागं नाही पाह्यलं. म्हटलं, जन्मभर खोटं बोलला हा माणूस माह्याशी. आज डाग गेला म्हणून तुमी आले. तो वाढला असता, हे गेले असते, तं तुमी सांगतलं असतं का मले?"

"जाऊ दे ना वं आता," मित्र पुटपुटला.

"नाही. मले ऐकू द्या."

'सांगितलं असतं' हे अगदी ओठावर आलं होतं. पण त्या बाईची नजर हलेना.

"नाही वहिनी," मी म्हटलं. "नसतं सांगितलं."

मित्रानं झटकन मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं, सांगितलं असतं असंच तो इतके दिवस धरून चालला होता.